मराठी अक्षरं फुटत असतील तर फॉन्ट नंतर, टेक्स्ट इंजिन आधी

भाऊ, परभणीकडच्या शेतकऱ्यांसाठी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचा ॲनिमेशन व्हिडिओ करताय हे फार चांगलं. ‘बीजप्रक्रिया’ लिहिलं की वेलांटी भलतीकडे जाते आणि ‘क्र’ सुटतो, म्हणून तुम्ही फॉन्ट विचारलात. पण नुसता फॉन्ट बदलून हे जाणार नाही. ‘क्रि’ची वेलांटी साठवली जाते अक्षरानंतर आणि दिसावी लागते आधी, ही जुळणी टेक्स्ट इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअरमधला अक्षरं जुळवणारा भाग, करतं. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये ‘टाइप’ उघडा आणि ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हा पर्याय दिसत असेल तर तो निवडा. जुन्या लेयरवर फरक दिसला नाही तर नवा टेक्स्ट लेयर घ्या. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमधला मजकूर आला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये करून घ्या.

आता फॉन्ट. माहितीच्या ओळींना ‘मुक्त’, मथळ्याला ‘बालू’. दोन्ही ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, मोफत, व्यावसायिक कामालाही चालणारे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्या, पण मोठ्या आकारातच. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ दाबला गेला की बारीक रेघा आधी मरतात. कोणताही फॉन्ट घेण्याआधी ‘दुसऱ्या पेरणीपूर्वी’ आणि ‘औंढ्याची’ लिहून बघा. रफार वेलांटीत घुसला किंवा ‘ऱ्या’ तुटला, तर तो फॉन्ट सोडा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते सजवताना. इंग्रजीसाठी केलेले प्रीसेट, म्हणजे तयार हालचाली, एकेक अक्षर उडवत आणतात. मराठीत त्यानं शिरोरेघ तुटते, काना-मात्रा सुट्या पडतात, आणि वाचणारा अडखळतो. टेक्स्ट ॲनिमेशनमधल्या रेंज सिलेक्टरच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘बेस्ड ऑन’ला ‘वर्ड्स’ ठेवा, म्हणजे अख्खा शब्द एकदम येईल. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, शून्यच राहू द्या. बाह्यरेषा दिलीत तर अक्षरांच्या सांध्यात उभ्या रेघा उमटतात. तिथं ‘ऑल फिल्स ओव्हर ऑल स्ट्रोक्स’ निवडा. ओळींमधलं आपोआप अंतर १२० टक्के असतं, ते आपल्याला कमी पडतं. वरच्या ओळीचा उकार खालच्या अनुस्वाराला भिडतो. ४८ आकाराच्या अक्षराला मी ६८-७० अंतर देतो.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करणार असाल तर तिथल्या टेक्स्टमध्ये जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा, पाथ करा म्हणजे अक्षरांचे आकार बनवा, आणि ती एसव्हीजी फाइल ब्लेंडरमध्ये घ्या. पाथ केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून औषधाचं नाव आणि मात्रा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीशी ताडून मगच पाथ करा.