वाशिष्ठी नदीतला गाळ काढला की चिपळूणचा पुराचा प्रश्न सुटेल का?

नुसत्या गाळ उपशाने नाही. जुलै 2021च्या महापुरानंतर उपसा झाला, तो गरजेचाही होता. पण माती येते सह्याद्रीच्या उघड्या पडलेल्या उतारांवरून. तिथे झाडं तुटत राहिली, वणवे लागत राहिले तर पात्र पुन्हा भरणारच.

काम माथ्यापासून पायथ्याकडे यायला हवं. आधी वणवा आणि चराई रोखायची. गवत जगलं तरी माती बरीच थांबते. मग घळींमध्ये अनगड (न घडवलेल्या, नुसत्या रचलेल्या) दगडांचे बांध, काठावर वाळा, करंज, उंबर, जांभूळ. एक कळकळीची विनंती: देशावरचे समतल चर (पाणी मुरवायला उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर) कोकणातल्या तीव्र उतारांवर सरसकट खणू नका. इथल्या पावसात पाणी मुरून दरड खचण्याचा धोका असतो.

डोहांचं मात्र कुणी बोलत नाही, आणि मला तेच सर्वात जास्त खुपतं. वाशिष्ठीत मगरी आहेत. उन्हाळ्यात त्यांना आणि माशांना डोहांचाच आधार. बरेच मासे गोट्यांच्या फटींत अंडी घालतात. बारीक माती बसली की त्या फटी बुजतात. म्हणून उपसतानाही पात्र गटारासारखं सरळ, सपाट करू नये.