नायट्रोत कोणाला बसवावे, कोणाला नाही

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

अकरावीच्या वर्गाची सहल घेऊन तू पुण्याहून खोपोलीच्या इमॅजिका उद्यानात जाणार आहेस, आणि ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरच्या नुसत्या नावाने धास्तावलेल्या मुलींना त्यावर बसू द्यावे की नाही, असे तू विचारले आहेस. मी वर्गात पदार्थविज्ञान शिकवले आणि मुलांच्या सहलीही नेल्या, त्या दोन्हींच्या आधारे सविस्तर उत्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. एखाद्या घाबरणाऱ्या मुलीला अशी तीव्र राइड झेपेल की नाही, हे ती किती घाबरते यावरून ठरवू नकोस. ती नेमकी कशाला घाबरते आणि बसण्याची इच्छा तिची स्वतःची आहे का, हे दोन प्रश्न विचार. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते.

प्रथम यंत्र समजून घे. नायट्रो 2013 सालची आहे आणि ती बोलिजर आणि माबिलार या स्विस कंपनीने बांधलेली आहे. उंची सुमारे 40 मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढी. एवढ्या उंचीवरून घर्षण सोडून दिल्यास खाली येणाऱ्या कोणत्याही वस्तूचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या घरात जातो, हे गणित तू स्वतः वर्गात सोडवलेले आहेस; नायट्रोचा वेगही तितकाच आहे. मार्गात डोके खाली आणि पाय वर अशा पाच कोलांट्या आहेत. गाडीला पायाखाली तळ नाही, त्यामुळे पाय मोकळे लोंबकळतात. खांद्यांवरून येणारा जाड पट्टा छातीशी बंद होतो आणि गाडी फलाटावर परत आल्याशिवाय तो उघडत नाही. सारा खेळ दोन-तीन मिनिटांत आटोपतो. यातले काहीही मुलींपासून लपवू नकोस, कारण न पाहिलेल्या गोष्टीची भीती पाहिलेल्या गोष्टीच्या भीतीपेक्षा नेहमीच मोठी असते.

आता भीतीकडे येऊ. ‘मला भीती वाटते’ या एकाच वाक्यात चार-पाच निरनिराळ्या भीती दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा निकाल वेगळा लागतो.

सर्वांत जास्त ऐकू येणारी भीती उलटे होण्याची असते, आणि माझ्या मते तिच्यात सर्वांत कमी तथ्य आहे. ती कुठून आली हे सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील कोनी आयलंड येथे 1895 साली जी कोलांटीची गाडी सुरू झाली, तिचा फेरा पूर्ण वर्तुळाकार होता. गाडी वेगात वर्तुळात शिरताच शरीरावर एकाएकी इतका दाब येई की बसणाऱ्यांच्या माना दुखावत, आणि ती गाडी फार काळ चालली नाही. पुढे 1976 साली कॅलिफोर्नियातील ‘रेव्होल्यूशन’ या कोस्टरसाठी जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगल याने फेऱ्याला थेंबासारखा आकार दिला, म्हणजे खाली वक्रता सौम्य आणि माथ्यावर तीव्र. त्यामुळे दाब हळूहळू वाढतो आणि हळूहळू ओसरतो. आजच्या कोलांट्या याच विचारावर आखल्या जातात. अशा फेऱ्याच्या माथ्यावरही शरीर साधारणपणे आसनाकडेच दाबलेले राहते, त्यामुळे आपण पट्ट्यावर लटकलो आहोत असे वाटण्याची वेळ क्वचितच येते. ज्या मुलीची भीती एवढ्यापुरतीच आहे, तिला हे समजावून सांग आणि खुशाल बसू दे.

उंचीची भीती वेगळी. कोस्टरवर ती सर्वांत जास्त छळते ते पहिल्या उताराच्या आधी, साखळी गाडीला संथपणे वर ओढत असते तेव्हा. त्या वेळी सह्याद्रीचे कडे समोर दिसत असतात, पायाखाली काही नसते आणि करण्यासारखेही काही नसते. उतार सुरू झाल्यावर उंचीचा विचार करायला मेंदूला सवडच मिळत नाही. म्हणून अशा मुलीला पहिल्या रांगेत कधीही बसवू नकोस. मधल्या रांगेत बसव आणि चढणभर समोरच्या आसनाच्या पाठीवर नजर ठेवायला सांग. बाल्कनीच्या कठड्याशीही जिचे पाय थरथरतात, तिच्यासाठी मात्र ही मलमपट्टी पुरणार नाही. तिला त्याच उद्यानातील ‘डीप स्पेस’ हा बंदिस्त, अंधारात धावणारा कोस्टर अधिक मानवेल, कारण तिथे खोली दिसतच नाही. अंधाराला घाबरणाऱ्या मुलीच्या बाबतीत हाच सल्ला उलटा होतो, हे ध्यानात ठेव.

पोटात गोळा येण्याची जी भीती आहे, तिला शारीरिक आधार आहे. गाडी उतारावरून सुटते तेव्हा शरीर आणि त्याच्या आतील अवयव जवळजवळ एकत्रच खाली पडत असतात, आणि नेहमी जाणवणारा आधार क्षणभर नाहीसा होतो. काहींना तो क्षण हवाहवासा वाटतो, काहींना असह्य होतो. त्याचा धैर्याशी संबंध नाही. शेवटच्या रांगेत हा परिणाम अधिक जाणवतो, कारण पुढचे डबे आधीच उतारावर गेलेले असतात आणि मागच्या डब्याला माथ्यावरून खेचून नेतात. एखादीला जत्रेतील मोठ्या आकाशपाळण्यात किंवा झुलत्या जहाजात बसल्यावर काय झाले होते, हे विचार. ‘पहिल्यांदा ओरडले, मग मजा आली’ असे उत्तर आले तर चिंता नको. ‘उतरल्यावर तासभर बरे वाटत नव्हते’ असे आले तर तिला आग्रह करू नकोस.

गाडी लागणे हा प्रकार तर तुला सहलीच्या वाटेवरच तपासता येईल. पुण्याहून खोपोलीला उतरताना बोरघाट लागतो. घाटाच्या वळणांत जिचा चेहरा उतरतो, जिला खिडकीशी बसावे लागते, तिला कोस्टरवर मळमळण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे. डोळे आणि आतला कान यांच्याकडून मेंदूला परस्परविरोधी खबरी मिळाल्या की मळमळ सुरू होते. पण डोळे घट्ट मिटून बसणे हा कोस्टरवर त्यावरचा चांगला उपाय नाही. डोळे उघडे असले म्हणजे पुढचे वळण दिसते आणि शरीर त्याची तयारी करते. डोके मागच्या उशीला टेकलेले ठेवायचे आणि हातांनी पट्ट्याच्या मुठी धरायच्या, हे प्रत्येकीला बसण्यापूर्वी सांग. मान मोकळी सोडली तर वळणावर डोके पट्ट्यावर आपटते, आणि मग मुली राइडला नावे ठेवतात.

अडकून पडण्याची भीती मला सर्वांत गंभीर वाटते. ज्या मुलीला लिफ्टमध्ये, गर्दीत किंवा दार बंद झाल्यावर श्वास कोंडल्यासारखा होतो, छाती धडधडून हातपाय गार पडतात, तिला नायट्रोत बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. छातीवरचा पट्टा बंद झाला की ‘मला उतरायचे आहे’ असे म्हणायची संधी फलाटावर क्षणभरच असते, आणि एकदा गाडी सुटली की ती परत येईपर्यंत कोणीही काही करू शकत नाही. पाळण्यात बसून हळूहळू सवय करण्याचा मार्ग इथे उपलब्ध नाही.

राहिली यंत्र मोडण्याची भीती. तिला कोणी हसू नये. जुलै 2019 मध्ये अहमदाबादच्या कांकरिया परिसरातील एक झुलती राइड तुटून कोसळली आणि दोघांचा जीव गेला; ही बातमी ज्या मुलीने वाचली आहे, तिचा प्रश्न रास्तच आहे. तिला खरी माहिती दे. कोस्टरच्या प्रत्येक डब्याला रुळाच्या वर, बाजूला आणि खालून अशी तीन प्रकारची चाके असतात. खालून धरणाऱ्या चाकांची कल्पना जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने 1919 च्या सुमारास रूढ केली आणि तेव्हापासून गाडी रुळावरून उचलली जाण्याची भीती मावळली. चढणीवर जो खटखट आवाज अनेक कोस्टरवर ऐकू येतो, तो गाडीला मागे घसरू न देणाऱ्या खिट्ट्यांचा असतो, आणि घाबरलेल्या मुलीला त्याचे कारण कळले की तोच आवाज तिला धीर देतो. मार्गाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एकाच वेळी एकच गाडी असावी अशी ब्रेकची व्यवस्था असते. उद्यानाने राइड काही कारणाने थांबवली तर ‘आज बिघडली वाटते’ असे म्हणून मुलींना घाबरवू नकोस. शंका येताच थांबवणे हीच सुरक्षिततेची पद्धत आहे.

आता राइडसाठी वाट पाहत उभे राहायच्या रांगेबद्दल थोडे लिहितो, कारण घाबरणाऱ्या मुलीची खरी परीक्षा तिथे होते. सिमॉन रीटव्हेल्ट आणि इल्या फान बेस्ट या डच संशोधकांनी तीव्र दमा असलेल्या तरुण स्त्रियांना रोलर कोस्टरवर बसवून एक अभ्यास केला होता. त्यासाठी त्यांना 2010 साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे गमतीदार पारितोषिक, मिळाले. त्यांना असे आढळले की धाप लागल्याची भावना राइडच्या आधी सर्वाधिक होती आणि उतरल्यानंतर कमी झाली, जरी मोजणीनुसार उतरल्यानंतर त्यांच्या फुप्फुसांची क्षमता घटलेली होती. यातून तुझ्यासाठी दोन गोष्टी निघतात. रांगेतील भीतीवरून राइड कशी जाईल याचा अंदाज बांधता येत नाही, कारण वाट पाहण्याचा त्रास प्रत्यक्ष बसण्याच्या त्रासापेक्षा मोठा असू शकतो. आणि दम्याची मुलगी उतरल्यावर हसत ‘मला काही झाले नाही’ म्हणाली, तरी आनंदाच्या भरात शरीराची तक्रार झाकली गेलेली असू शकते. तिचा पंप तुझ्या पिशवीत असू दे आणि पुढची दहा-पंधरा मिनिटे तिच्याकडे लक्ष ठेव. पालकांकडून आधी लेखी विचारून घे, आणि त्यांनी डॉक्टरांना विचारले नसेल तर तिला बसवूच नकोस.

जर्मनीतील मानहाइम येथील विद्यापीठ रुग्णालयाच्या हृदयतज्ज्ञांनी ‘एक्स्पेडिशन जीफोर्स’ या उंच कोस्टरवर निरोगी माणसांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा सरासरी ठोके मिनिटाला 90 च्या आसपासून 150 च्या वर गेले. निरोगी मुलीला हे सहज सोसते. हृदयविकार, उच्च रक्तदाब, फेफरे, मान किंवा पाठीची दुखापत अथवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर मात्र चर्चा करायचे कारण नाही. प्रवेशद्वारावरील फलकावर लिहिलेली उंचीची आणि प्रकृतीची अट जशीच्या तशी पाळ.

‘शांत हो, घाबरू नकोस’ असे रांगेत कोणालाही म्हणू नकोस. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वूड ब्रूक्स यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणापूर्वी किंवा गाण्यापूर्वी ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. ते प्रयोग कोस्टरवर झालेले नाहीत, तरीही धडधडणाऱ्या छातीला उत्साहाकडे वळवणे हे तिला दाबून टाकण्यापेक्षा सोपे असते, हा माझाही अनुभव आहे.

इच्छेचा प्रश्न मी शेवटी घेतला, पण माझ्या लेखी तो पहिला आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला वर्गासमोर ‘नाही’ म्हणणे नायट्रोत बसण्यापेक्षा अवघड वाटते, आणि म्हणून ती ‘हो’ म्हणते. तो होकार तू खरा मानू नकोस. बसमध्येच सर्वांना सांग की कोणत्याही राइडला कोणीही, अगदी आसनापाशी पोहोचल्यावरही, परत फिरू शकते आणि त्यावर कोणी एक शब्द बोलणार नाही. ‘घाबरट’ म्हणून चिडवणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबव. तू स्वतः पहिल्या फेरीत बसू नकोस. न बसणाऱ्या मुलींबरोबर खाली उभी राहा, म्हणजे त्यांना आपण मागे पडलो असे वाटणार नाही. त्यांच्यापैकी एखादी दोन-तीन गाड्या परत आलेल्या पाहून, मैत्रिणींचे हसरे चेहरे पाहून, आपणहून ‘मला पण बसायचे आहे’ म्हणाली, तर तिच्यासोबत तू बस. असा होकार मी निःशंकपणे स्वीकारीन.

क्रमही नीट आख. सकाळी उद्यानातल्याच ‘गोल्ड रश एक्सप्रेस’ या लहान कोस्टरने सुरुवात कर, ती सौम्य आहे आणि तिच्यावरून उतरलेल्या मुलींचे चेहरे तुला बरेच काही सांगतील. ज्यांना तीच पुरे झाली, त्यांच्यापुढे नायट्रोचा विषय काढू नकोस. बाकीच्यांना जेवणाआधी नायट्रोत ने, पण उपाशी पोटी नको; निघताना इडली किंवा पोहे असा हलका नाश्ता दे आणि वाटेतल्या धाब्यावरची तर्रीदार मिसळ परतीच्या प्रवासासाठी राखून ठेव. एप्रिल-मेच्या उन्हात रांगेत उभे राहून चक्कर येते आणि मुली ती भीतीची समजतात, म्हणून प्रत्येकीजवळ पाण्याची बाटली हवी. चष्मे, कानातली आणि मोबाइल तुझ्याकडे जमा करून घे, आणि पालकांच्या संमतीपत्रात दमा, फेफरे आणि बंद जागेची भीती यांसाठी स्वतंत्र ओळी छापून घे. तो मसुदा मला पाठव, मी वाचून देतो.

तुझा,
सर