वाचकांचे प्रश्न : सांता बार्बरा आणि सांता टेरेसा

प्रश्न : नागपुरात केबल वाहिन्या नव्याने आल्या त्या काळात आमच्या घरी ‘सांता बार्बरा’ ही अमेरिकी मालिका पाहिली जात असे. अलीकडे सीताबर्डीत जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे स्यू ग्राफ्टन यांच्या रहस्यकादंबऱ्या मिळाल्या. त्यांतील सांता टेरेसा हे शहर वर्णनावरून तेच वाटते, परंतु नकाशावर सापडत नाही. ही दोन्ही शहरे एकच आहेत का, आणि असल्यास नाव का बदलले?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : होय, शहर एकच : कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे सांता बार्बरा. मात्र ज्या मालिकेने त्याचे खरे नाव घेतले तिच्यात ते फारच थोडे आहे, आणि ज्या कादंबऱ्यांनी नाव बदलले त्यांत ते डोंगर, वारा आणि समुद्र यांच्यासह उतरले आहे.

ब्रिजेट व जेरोम डॉब्सन या दांपत्याने निर्माण केलेली ही मालिका एनबीसी वाहिनीवर ३० जुलै १९८४ पासून १५ जानेवारी १९९३ पर्यंत चालली. तिचे बहुतेक चित्रीकरण लॉस एंजेलिसजवळच्या बर्बँक येथील स्टुडिओत झाले. त्यामुळे कॅपवेल घराण्याचे दिवाणखाने आपण मनसोक्त पाहिले, पण त्यांच्या खिडकीबाहेरचे गाव मात्र अधूनमधूनच दिसले. हॉटेलच्या छतावरील ‘सी’ हे अवाढव्य अक्षर कोसळून मेरी हे पात्र मरते, तो प्रसंग आपणांस आठवत असेल. अशा मृत्यूला कोणतेही शहर चालले असते. (या मालिकेला उत्कृष्ट दैनंदिन मालिकेचा एमी पुरस्कार सलग तीनदा मिळाला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.) पुढे २००६ ते २०१४ या काळात चाललेली ‘साइक’ ही विनोदी गुप्तहेर मालिका तर याच शहरात घडते असे दाखवून कॅनडातील व्हँकुव्हर परिसरात चित्रित झाली.

सांता टेरेसा हे नाव ग्राफ्टन यांचे नव्हे. केनेथ मिलर हे रॉस मॅकडोनाल्ड या टोपणनावाने लिहीत आणि सांता बार्बरातच राहत. त्यांनी १९४९ साली लू आर्चर या गुप्तहेराच्या पहिल्या कादंबरीत ते योजले. ग्राफ्टन यांनी १९८२ साली किन्सी मिलहोन या महिला गुप्तहेराची कादंबरीमालिका सुरू करताना त्यांच्याविषयीच्या आदरापोटी तेच नाव उचलले. बदललेल्या नावाचा लाभ उघड आहे : खऱ्या शहरातील पोलीस, बँका आणि प्रतिष्ठित घराणी यांच्या माथी खून आणि लाचखोरी मारताना लेखकाला जो संकोच वाटेल, तो येथे उरत नाही, आणि गरजेप्रमाणे एखादा रस्ता वाढवता येतो. पण भूगोल मात्र मॅकडोनाल्ड यांनी सोडला नाही. शहराच्या पाठीशी सांता यनेझची डोंगररांग उभी आहे. तिच्या उतारावरून संध्याकाळी उष्ण, कोरडा वारा खाली येतो, त्याला तेथील लोक ‘सनडाउनर’ म्हणतात, आणि वणवा पेटलेला असेल तर हाच वारा त्याला थेट वस्तीत आणतो. १९६४ च्या कोयोटी वणव्याचा अनुभव त्यांच्या १९७१ च्या ‘द अंडरग्राउंड मॅन’मध्ये आला आहे. तेथे आग ही केवळ पार्श्वभूमी नाही. कुटुंबाने जमिनीत पुरलेले जुने पाप आणि डोंगरावरून उतरणारी आग एकाच वेगाने पुढे सरकतात. २८ जानेवारी १९६९ रोजी किनाऱ्याजवळच्या तेलविहिरीतून जी प्रचंड गळती झाली, तिच्या विरोधात ते स्वतः उभे राहिले, आणि तिच्याच प्रेरणेतून त्यांनी १९७३ साली ‘स्लीपिंग ब्यूटी’ लिहिली. तीत मात्र गावाला आणखी वेगळे नाव आहे.

प्रश्न : कॅलिफोर्नियाचा समुद्र पश्चिमेला आहे. तरीही या कादंबऱ्यांत तो शहराच्या दक्षिणेला येतो. ही लेखिकेची चूक समजावी काय?
— दुसऱ्या वाचक, महाल, नागपूर

उत्तर : चूक मुळीच नाही. पॉइंट कन्सेप्शन या भूशिरापाशी किनारा एकदम वळतो आणि पुढे काही अंतर पश्चिम-पूर्व धावतो, त्यामुळे सांता बार्बरा दक्षिणाभिमुख आहे. तेथे हिवाळ्यात सूर्य पाण्यावरून उगवतानाही दिसतो व पाण्याकडे मावळतानाही. मुख्यतः स्टुडिओत घडणाऱ्या मालिकेत ही गोष्ट कळायला वावच नव्हता.

प्रश्न : यांतील काय आधी वाचावे? ग्राफ्टन यांची मालिका क्रमाने वाचणे आवश्यक आहे का?
— वरील वाचक

उत्तर : आवश्यक नाही, प्रत्येक प्रकरण त्या त्या पुस्तकात संपते. परंतु क्रमाने वाचल्यास एक गंमत लक्षात येते : पुस्तके १९८२ ते २०१७ अशी पस्तीस वर्षे निघत राहिली, पण किन्सी १९८० चे दशक ओलांडतच नाही, म्हणून तिच्या हाती अखेरपर्यंत मोबाइल नाही, टंकलेखन यंत्र आणि टिपणांची कार्डे आहेत. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने चाललेली ही मालिका ‘वाय’पाशी थांबली, कारण डिसेंबर २०१७ मध्ये ग्राफ्टन यांचे निधन झाले, आणि शेवटचे पुस्तक दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेण्यास कुटुंबीयांनी नकार दिला. आमचा आग्रह मात्र आधी ‘द अंडरग्राउंड मॅन’ वाचण्याचा आहे, आणि तीही सलग, कारण मध्येच सोडल्यास कोण कोणाचा मुलगा हे पुन्हा पहिल्या पानापासून जुळवावे लागते.