ग्राहकाची जोखीम घ्यायची तयारी नक्की माहीत नसेल तर आर्बिट्राजचा (एकाच शेअरच्या दोन बाजारांतल्या भावांच्या फरकावर कमावण्याचा) पोर्टफोलिओ कसा निवडावा?

फॉर्मवर विसंबून तर मुळीच निवडू नका. ब्रोकरच्या आर्बिट्राज डेस्कवर मी बरीच वर्षं काढली आहेत आणि यावरून माझं भावोजींशी आजही वाजतं. त्यांच्या मते रिस्क प्रोफाइलचा फॉर्म भरला की माणूस कळला.

आमचे काका एसटीतून निवृत्त झाले तेव्हा एका बँकेतल्या मुलाने त्यांचा फॉर्म भरून घेतला. ‘बाजार 20 टक्के पडला तर काय कराल?’ काकांनी ऐटीत ‘आणखी खरेदी करीन’वर खूण केली. झाले आक्रमक गुंतवणूकदार! दिवाळीनंतर मुलीचं लग्न होतं, ते कोणी विचारलंच नाही. मी हट्टाने लग्नाचे पैसे आर्बिट्राज फंडात ठेवायला लावले. पुढे एकदा एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, लागोपाठ दोन दिवस काही पैशांनी उतरली, तर हेच काका रात्री अकराला फोनवर, "अरे, पैसे बुडाले का रे?"

बुडाले नव्हते. शेअर 1000 ला घेऊन त्याचं फ्युचर (पुढच्या तारखेला ठरल्या भावाने द्यायचा करार) 1008 ला विकलं आणि दुसऱ्या दिवशी शेअर तिथेच राहून फ्युचर 1012 झालं, तर कागदावर 4 रुपये तोटा दिसतो. एक्स्पायरीला, म्हणजे करार संपतो त्या दिवशी, दोन्ही भाव एक होतात आणि ठरलेले 8 रुपये सुटतात. शेवटपर्यंत थांबणाऱ्याचा स्वभाव विचारायचं कारणच नाही. प्रश्न मधेच बाहेर पडणाऱ्याचा. 1998 मध्ये एलटीसीएम ही अमेरिकेतली हेज फंड कंपनी (बड्या गुंतवणूकदारांचा पैसा सांभाळणारी) कोसळली तीही अशीच, भावांतला फरक मिटायच्या ऐवजी वाढत गेला आणि कर्ज इतकं होतं की थांबायला पैसेच उरले नाहीत.

तेव्हा कुठल्याही स्वभावाच्या माणसाला सरस ठरेल ते आधी उचला. योजना तीच, शेअर तेच, पण डायरेक्टचा (थेट फंड कंपनीकडून घेतलेल्या प्लॅनचा) खर्च रेग्युलरहून (एजंटामार्फत घेतलेल्याहून) कमी. भित्रा असो वा धाडसी, डायरेक्टच सरस. उधारीच्या पैशावरचे सौदे नकोत. पुढे मात्र सगळ्यांनाच सरस असा पर्याय उरत नाही, तिथे पैसे कधी लागणार ते विचारा. भावोजी म्हणतात, फॉर्म नसेल तर सल्लागाराकडे पुरावा काय? अहो, तो पुरावा सल्लागाराला वाचवतो, काकांना नाही.

कराचं राहिलंच. वर्षाच्या आत काढलं तर नफ्यावर 20 टक्के, नंतर सव्वा लाखावरच्या नफ्यावर 12.5 टक्के. 30 टक्क्यांच्या स्लॅबवाल्याला एफडीपेक्षा हे परवडतं, करच न बसणाऱ्या निवृत्ताला तेवढा फायदा नाही. आणि मार्च 2020 मध्ये फ्युचरचे भाव शेअरच्या रोख भावाच्या खाली गेले होते, तेव्हा नव्या सौद्यांत कमाईच उरली नव्हती.