मेटोप म्हणजे ललाट नव्हे

प्रश्न असा आहे : ग्रीक मंदिरांच्या एका वर्णनात ‘मेटोप’साठी, म्हणजे खांबांवरच्या पट्ट्यातल्या चौकोनी फरशीसाठी, ‘ललाटपट्ट’ हा प्रतिशब्द वाचला, तर मूळ ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ कपाळ असाच आहे काय?

नाही. हा घोटाळा इतक्या वेळा कानावर येतो की त्याचा एकदा समाचार घेतलाच पाहिजे. कपाळाला ग्रीकमध्ये ‘मेटोपॉन’ म्हणतात आणि त्यातला ‘ओ’ दीर्घ आहे. वास्तुशिल्पातल्या ‘मेटोपे’मधला ‘ओ’ ऱ्हस्व आहे. ग्रीक लिपीत या दोन स्वरांना स्वतंत्र अक्षरे आहेत, देवनागरीत ती सोय नाही, आणि तेवढ्यावरून दोन शब्दांची गल्लत होते. वस्तूही जुळत नाही. आपल्या मंदिरातले ललाटबिंब द्वारपट्टीच्या मध्यावर एकच असते. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराला चारही बाजू मिळून ९२ मेटोप आहेत.

डोरिक या ग्रीक बांधणीच्या शैलीत खांबांवरच्या तुळईच्या वर जो पट्टा फिरतो त्यात उभ्या खाचांचे ठोकळे असतात, ते ट्रायग्लिफ. प्रत्येकावर दोन पूर्ण खाचा आणि दोन्ही कडांना अर्धी अर्धी, अशा मिळून तीन. दोन ट्रायग्लिफांमधली चौकोनी फरशी म्हणजे मेटोप. इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात सांगतो की तुळयांची टोके भिंतीत जिथे बसतात त्या भोकांना ग्रीक लोक ‘ओपाइ’ म्हणतात, रोमन लोक त्यांनाच कबुतरांची खुराडी म्हणतात, आणि दोन भोकांच्या मधली जागा ती ‘मेट-ओपे’.

खरी गंमत या ‘ओपे’मध्ये आहे. भोक या अर्थाचा हा शब्द ‘पाहणे’ या धातूपासून आला असे मानतात. त्याच कुळात लॅटिन ‘ओक्युलस’ आणि संस्कृत ‘अक्षि’ येतात. म्हणजे ग्रीकांनी भिंतीतल्या भोकात डोळा पाहिला, आणि आपल्याकडे खिडकीला ‘गवाक्ष’ म्हणणाऱ्यांनीही तेच केले. कपाळाचा ‘मेटोपॉन’ म्हणजे डोळ्यांमधला भाग, तेव्हा धातूपाशी दोन्ही शब्द भावंडे आहेत, हे मी आनंदाने मान्य करतो. पण भावंडे म्हणजे एकच व्यक्ती नव्हे.

व्हिट्रुव्हियसच्या मते दगडी ट्रायग्लिफ हे मूळच्या लाकडी तुळयांच्या टोकांचे रूप आहे. आजचे अनेक अभ्यासक त्याची ही लाकडी उपपत्ती मोडीत काढतात. तुळया एकाच दिशेने जातात, मग ट्रायग्लिफ चारही बाजूंना कसे, हा त्यांचा आवडता आक्षेप आहे. मला तो अगदीच तोकडा वाटतो. लाकडातून आलेले रूप दगडात एकदा अलंकार झाले की त्याला भाराचे बंधन उरत नाही. भाजे आणि कार्ले येथील चैत्यगृहांत कातळातूनच कोरलेल्या छताखाली लाकडी कमानी बसवलेल्या आहेत. त्या कसलाही भार पेलत नाहीत, तरी शिल्पकारांना त्या हव्या होत्या, आणि भाज्याचे खांब तर लाकडी बांधणीच्या सवयीने आत कललेले आहेत. ग्रीसमधील थर्मोन येथे इ.स.पू. सातव्या शतकातले मेटोप सापडले, ते दगडाचे नसून भाजलेल्या मातीचे, रंगवलेले आहेत, आणि त्यांतल्या एकावर गॉर्गन राक्षसीचे मुंडके घेऊन पळणारा ग्रीक पुराणातला वीर पर्सियस आहे. तुळयांमधली रिकामी जागा झाकायला माणूस बसवील तशाच त्या फरश्या आहेत. आक्षेप घेणाऱ्यांनी ‘मेटोपे’ हा शब्द भोकांचे नाव का सांगतो, याचे समाधानकारक उत्तर आधी द्यावे.

मराठीत प्रतिशब्द हवाच असेल तर तो वाड्यांच्या बांधणीत तयार आहे. दोन तुळयांमधल्या जागेला आपण ‘खण’ म्हणतो, आणि व्हिट्रुव्हियसने दिलेल्या अर्थाच्या इतका जवळ जाणारा दुसरा शब्द मला ठाऊक नाही. शिल्प असेल तिथे ‘कोरीव खण’ लिहावे, नसेल तिथे नुसते ‘खण’, आणि ‘ललाट’ दारावरच्या गणेशपट्टीसाठी ठेवावे.