म्युझिक व्हिडिओतली गोष्ट वाचताना

सिद्धांत हातात घेण्याआधी व्हिडिओ एकदा आवाज बंद करून पाहा आणि दिसेल ते क्रमाने लिहून काढा. मग नुसतं गाणं ऐका. चित्र शब्दांचंच सांगतंय, त्यात भर घालतंय, की भलतंच काही बोलतंय, हे इथेच कळायला लागतं. म्युझिक व्हिडिओंचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ मध्ये मांडलेली ही तिहेरी विभागणी मला आजही सगळ्यात उपयोगी वाटते.

समतोल, बिघाड, नवा समतोल हा कथनाचे अभ्यासक तोदोरोव्ह यांचा गोष्टीचा साचा नवखे लगेच वापरतात. वापरा, पण चार मिनिटांत तो पुरा बसेलच असं नाही. कितीतरी व्हिडिओ बिघाडातच सुरू होतात, काही तिथेच संपतात. जे टप्पे गाळलेत त्यांवर लिहा, खरं विश्लेषण तिथे आहे. लोककथांचे अभ्यासक प्रॉप यांच्या पात्रभूमिका (नायक, खलनायक, मदतनीस वगैरे) मात्र ओढूनताणून लावू नका. त्या रशियन परीकथांवरून तयार झाल्या आहेत.

माझा जीव जडलाय तो कथनाचे फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेट यांच्या काळाच्या मांडणीवर, म्हणजे गोष्टीतलं काय कोणत्या क्रमाने, किती वेळ आणि किती वेळा दाखवलं जातं यावर. ध्रुवपदासोबत तेच दृश्य परत येतं का? आलं, तर मधल्या कडव्यामुळे त्याचा अर्थ बदलतो का? पहिल्यांदा रिकामी खुर्ची नुसती खुर्ची असते. तिसऱ्यांदा तिथून कोण उठून गेलं हे आपल्याला माहीत असतं. गाणारा कॅमेऱ्याकडे पाहतो तेव्हा तो निवेदक की पात्र, हे शॉटगणिक ठरवा. आणि प्रत्येक विधानापुढे मिनिट-सेकंद लिहाच.