फेंटानिलनंतरचा खोकला: आधी वेग सांभाळा, मग लिग्नोकेन

शिरोली एमआयडीसीतल्या कामगाराचा डोळा लोखंडाचा कण लागून फुटला, रिपेअरला घेतल्यावर फेंटानिल (भूल देताना शिरेतून द्यायचं जोरदार वेदनाशामक) दिलं आणि तो सलग खोकला. हे टाळायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

बघा, औषधापेक्षा ते ढकलण्याचा वेग जास्त नडतो. अँप्यूलमधलं मिलीला ५० मायक्रोग्रॅमचं फेंटानिल दोन सेकंदांत आत गेलं की थोड्याच वेळात खोकला सुरू होतो. तेच ३० सेकंद घेऊन दिलं की प्रमाण खूप घटतं. २० मिलीच्या सिरिंजमध्ये २ मिलीच्या दोन अँप्यूल घ्या, सलाइनने २० मिली करा. ६० किलोला किलोमागे २ मायक्रोग्रॅम धरले तर १२ मिली होतात. घड्याळ बघून द्या.

इथे हमखास चूक होते. ड्रिप मंद असली की औषध एक्स्टेंशन लाइनमध्येच साचतं. मागून प्रोपोफॉल (झोप आणणारं भुलीचं औषध) ढकललं की सगळं एकदम शिरेत. आपल्याला वाटतं सावकाश दिलं, पेशंटला मात्र बोलसच, म्हणजे सगळा डोस एकदम मिळतो. कॅन्युलाजवळच्या पोर्टमधून द्या आणि ड्रिप चांगली चालू ठेवा.

जोडीला लिग्नोकेन (बधिर करणारं औषध, इथे शिरेतून), फेंटानिलच्या १ मिनिट आधी, किलोमागे १ मिलीग्रॅम. ६० किलोला २ टक्क्यांचं ३ मिली. व्हायल प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलीच हवी. ट्रेमध्ये शेजारी अ‍ॅड्रेनॅलिनवालीही असते, म्हणून लेबल मोठ्याने वाचा. हार्ट ब्लॉक असेल तर नको. नंतर नर्व्ह ब्लॉक (नसेभोवती बधिर करणारं इंजेक्शन) देणार असाल तर हा डोस एकूण हिशेबात धरा. मिडाझोलाम किंवा अ‍ॅट्रोपिनच्या भरवशावर राहू नका. आधी २५ मायक्रोग्रॅम देऊन मिनिटभर थांबणं हाही चांगला उपाय आहे.

पण फुटलेला डोळा, मेंदूतला अ‍ॅन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगा) किंवा भरलेलं पोट असेल तर एका खोकल्याचीही किंमत मोठी. तिथे मी क्रमच बदलायला सांगेन: लिग्नोकेन, प्रोपोफॉल, रिलॅक्संट (स्नायू ढिले करणारं औषध) आणि मग फेंटानिल. स्नायू ढिले पडल्यावर खोकता येत नाही. अडचण एवढीच की फेंटानिलचा पूर्ण असर यायला तीन ते पाच मिनिटं लागतात, लॅरिंगोस्कोपी (श्वासनळीत नळी घालायला घशात उपकरण घालणं) त्याआधीच होते. म्हणून अशा वेळी लिग्नोकेन किलोमागे दीड मिलीग्रॅमपर्यंत न्या आणि प्रोपोफॉल हात आखडून देऊ नका, बीपीवर मात्र लक्ष ठेवा.

खोकला लागलाच तर उरलेलं फेंटानिल थांबवा, ऑक्सिजन चालू ठेवा, मास्कची कड डोळ्यावर टेकू देऊ नका आणि इंडक्शन, म्हणजे भूल चढवणं, पुढे चालू ठेवा. बहुतेक वेळा मिनिटभरात थांबतो. छाती ताठ होऊन बॅगने हवाच जात नसेल तर ते प्रकरण वेगळं. वाट न बघता रिलॅक्संट द्या.